आचार्य आणि आचारी : डिजिटल मानव्यविद्येच्या प्रादेशिक परिषदेतील श्रेयाचा प्रश्न

परिषद भरवणे ही आपल्या विद्यापीठीय व्यवहारात सामान्यतः व्यवस्थेची बाब मानली जाते. अनुदान, सभागृह, निवास, भोजन आणि प्रमाणपत्रे यांचा हिशेब जुळला की संयोजन पार पडले, असे समजण्याचा प्रघात आहे. विचार व्हायचा तो पुढे सभागृहात होईल, संयोजनाचा त्याच्याशी संबंध नाही, ही या प्रघातामागची धारणा. ती तपासून पाहण्यासारखी आहे. निबंध कोणत्या विषयांवर आणि कोणत्या भाषेत मागवायचे, निबंध लिहिणाऱ्यालाच व्यासपीठ द्यायचे की अन्य प्रकारे ज्ञान बाळगणाऱ्यालाही, कार्यक्रमपत्रिकेवर कोणाची नावे छापायची, हे सारे निर्णय परिषदेच्या कितीतरी महिने आधी घेतले गेलेले असतात. हे मूल्यनिर्णय आहेत. एखाद्या कवितासंग्रहाचा संपादक निवड करतो तेव्हा ती निवड आपण समीक्षेच्या कक्षेत आणतो. परिषदेच्या आवाहनपत्राला मात्र ती कसोटी कोणी लावत नाही. डिजिटल मानव्यविद्येवरील प्रादेशिक परिषदेच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते, कारण या ज्ञानशाखेची सामग्रीच मुळात अनेक हातांनी घडलेली असते आणि त्यांतले बहुतेक हात निनावी असतात.

ज्ञानशाखेच्या नावापासूनच आरंभ करता येईल. पूर्वी तिला मानव्यविद्यांतील संगणन अशा अर्थाच्या नावाने ओळखले जात असे. २००४ साली श्राइबमन, सीमेन्स आणि अन्सवर्थ यांनी संपादित केलेल्या इंग्रजी संदर्भग्रंथाच्या शीर्षकातून आजचे नाव रूढ झाले. मराठीत तिला कोणी अंकीय मानव्यविद्या म्हणतात. 'अंक' हा शब्द आपल्याकडे संख्येचा, नाटकाच्या विभागाचा, नियतकालिकाचा आणि मांडीचाही वाचक असल्याने तो वाईट नाही. पण मूळ लॅटिन 'डिजिटस' म्हणजे बोट. बोटांवर मोजणे एवढाच त्या शब्दाचा जुना व्यवहार. गुगल बुक्सवरील काही पुस्तकांच्या पानांवर, पान दाबून धरणाऱ्या कामगाराची बोटे प्रतिमेत तशीच उमटलेली आढळतात. ग्रंथाच्या प्रतिमांकनाचा दोष म्हणून ती नोंदली जातात. बोटांवरून नाव घेतलेल्या विद्येला बोट दिसणे हा दोष वाटावा, हा योग विचार करण्याजोगा आहे.

या विद्येच्या जन्मकथेतही तोच योग आहे. जेझुइट धर्मगुरू रोबेर्तो बुसा यांनी १९४९ साली आयबीएमचे प्रमुख टॉमस वॉटसन यांची भेट घेतली आणि संत टॉमस अक्वायनस यांच्या समग्र वाङ्मयाची शब्दसूची यंत्राच्या साहाय्याने सिद्ध करण्याचा प्रकल्प उभा केला, ही कथा प्रत्येक पाठ्यक्रमाच्या पहिल्या व्याख्यानात सांगितली जाते. ५६ खंडांची ती सूची १९७४ पासून छापली जाऊ लागली. क्षेत्रातील सर्वोच्च सन्मानालाही बुसा यांचेच नाव आहे. परंतु एक कोटीहून अधिक शब्द छिद्रपत्रांवर उतरवण्याचे काम मिलानजवळच्या गाल्लाराते येथे प्रशिक्षण दिलेल्या तरुण स्त्रियांनी केले होते. छायाचित्रांत त्या यंत्रांसमोर ओळीने बसलेल्या दिसतात. छायाचित्रांखाली त्यांची नावे नाहीत. मेलिसा टेरास आणि ज्युलियान नायहन यांनी त्या चित्रांतील स्त्रिया कोण होत्या हा साधा प्रश्न विचारला आणि नायहन यांनी त्यांच्यापैकी काहींच्या मुलाखती घेऊन त्यावर ग्रंथ लिहिला, तोवर अर्धशतक उलटून गेले होते. म्हणजे ज्या प्रकल्पाने अक्वायनसच्या लेखनातील क्षुल्लकात क्षुल्लक अव्ययाचीही नोंद ठेवली, त्याला ती नोंद करणाऱ्या व्यक्तींची नोंद ठेवावीशी वाटली नाही.

हे इटलीतच घडले असे नाही. मराठी कोशकार्याचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येते. परंतु मोल्सवर्थच्या आधी, १८२९ साली, जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी शास्त्रीमंडळींनी केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' प्रसिद्ध झाला होता. शब्द जमवणे, छाटणे, अर्थ निश्चित करणे यांत ज्या पंडितांची विद्या खर्ची पडली, त्यांचा कोश अभ्यासकांपुरता उरला. बोलताना आपण 'मोल्सवर्थमध्ये पाहा' असे म्हणतो, 'क्रमवंतशास्त्र्यांकडे पाहा' असे म्हणत नाही. डिजिटल आवृत्तीने ही श्रेणी निर्माण केली नाही, पण ती कायम केली. शोधखिडकीला एकच नाव पुरते.

येथे एक आक्षेप संभवतो. शास्त्र्यांचे काम विद्वत्तेचे होते. छिद्रपत्रे भरणे किंवा आजच्या काळात मजकूर टंकित करणे हे यांत्रिक काम आहे, त्याला ज्ञान कसे म्हणावे? हा आक्षेप वरवर पटण्याजोगा आहे आणि बहुतेक संयोजक मनातल्या मनात तो मान्य करतात. पण देवनागरीतील मराठी मजकूर संगणकावर उतरवण्याच्या प्रत्यक्ष क्रियेकडे पाहिले की तो टिकत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोड्या मराठी लेखनाच्या अभ्यासकांना चांगल्या परिचित आहेत. डोक्यावरचा रफार आणि पुढच्या अक्षराला आडवा जोडलेला अर्धा र यांत केवळ आकाराचा भेद नाही. एकाने सागर होतो, दुसऱ्याने डोंगरांमधली खोलगट जागा. हिंदीला हा दुसरा र लागत नाही, म्हणून हिंदी मजकुरावर घडवलेली अक्षर-ओळख प्रणाली मराठी पानावर चुकते. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो आणि दोन्ही रीती पडद्यावर सारख्याच दिसतात. शोध घेताना मात्र यंत्राला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. तेव्हा जुन्या पुस्तकाचे पान समोर ठेवून टंकलेखन करणारी व्यक्ती प्रत्येक वेळी अर्थ जाणून निर्णय घेत असते. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीच्या पुस्तकांत 'तें' हे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' हे पुल्लिंगी अनेकवचन यांतला फरक अनुस्वार दाखवी. टंकलेखकाने सवयीने अनुस्वार गाळला तर दोन शब्दांचा एक शब्द होतो आणि त्यावर आधारलेली वारंवारतेची सगळी कोष्टके, आलेख आणि निष्कर्ष मुकाट्याने बदलतात. पाठचिकित्सेत अशा निर्णयाला आपण संपादन म्हणतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा पाठभेदांच्या निवडीला पांडित्याची पराकाष्ठा मानले गेले, ते योग्यच होते. पुढे त्या आवृत्तीची यंत्रवाच्य संहिता क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी तयार केली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली, आणि ती वापरणारे अभ्यासक त्या दोघांचे नाव घेतात. टंकलेखन करणारा प्राध्यापक असला की टंकलेखन विद्वत्ता ठरते, एवढाच येथे निष्कर्ष निघतो.

(आचार्य आणि आचारी हे दोघेही कोणत्याही परिषदेला सारखेच अपरिहार्य असतात आणि दोघांत गल्लत करणाऱ्या यंत्राला हसताना दोघांची पंगत वेगळी मांडणाऱ्या पत्रिकेला आपण हसत नाही, हे जाता जाता नोंदवायला हरकत नाही.)

याहून गंभीर आक्षेप आपल्या परंपरेतूनच येतो. नावाचा एवढा आग्रह कशासाठी? श्रेय ही मुद्रणयुगाची, स्वामित्वहक्काची आणि आता पदोन्नतीच्या गुणांची उपाधी आहे. मराठी वाङ्मयाची थोरवी तर नाव विरघळवण्यात आहे. नामदेवांच्या गाथेत किती नामे आहेत, विष्णुदास नामा कोठे सुरू होतो, याचा वाद संशोधकांना दीर्घकाळ पुरला. नंतरच्या कवींनी आपले अभंग पूर्वसूरींच्या नाममुद्रेखाली ठेवले ते फसवण्यासाठी नव्हे; त्या मुद्रेत सामील होणे हाच त्यांच्या लेखी कवित्वाचा अर्थ होता. आज शैलीमापनाच्या संगणकीय पद्धती वापरून या गाथेची कवींमध्ये वाटणी करण्याचा मोह कोणालाही पडेल, आणि तो परिषदेतील एखाद्या सत्राचा उत्तम विषयही होईल. परंतु वाटणी करून जे हाती येईल ते त्या परंपरेला अभिप्रेत असलेले सत्य असेल असे समजण्याचे कारण नाही.

हा आक्षेप मोडीत काढता येत नाही. पण त्यातून निघणारा भेद पाहिला पाहिजे. नामदेवाची मुद्रा धारण करणाऱ्याने आपले नाव स्वतः ठेवून दिले. गाल्लारातेतील मुलींचे नाव त्यांना न विचारता वगळले गेले. निनावीपण स्वीकारणे आणि ते लादले जाणे या नैतिक दृष्ट्या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत, जरी कागदावर दोन्हींचे चिन्ह एकच असले, म्हणजे नावाची अनुपस्थिती. परंपरेचा दाखला देऊन दुसऱ्याचे श्रेय विरघळवणारा माणूस सहसा स्वतःचे नाव मुखपृष्ठावर ठेवूनच तो दाखला देत असतो.

याचा प्रत्यय जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात येतो. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी पुण्याच्या त्यांच्या संस्थेमार्फत १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणाचे आणि संगणकीय नोंदीचे काम केले. २०१७ पासून हा संग्रह 'पारी'च्या माध्यमातून वाचकांसमोर येत आहे. लोकसाहित्याच्या आपल्या जुन्या संग्रहांत ओवी बहुधा 'स्त्रीगीत' या एकाच जातिवाचक नावाखाली छापली गेली: लोकांची निर्मिती, म्हणून कोणाचीच नव्हे. या संग्रहात तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या स्त्रियांची नावे आणि गावे नोंदलेली आहेत. ओवी परंपरेची आहे, ती आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे आली आहे, हे मान्य करूनही ती त्या दिवशी कोणी म्हटली हे येथे सांगितले गेले. सामूहिकता आणि व्यक्तिनाम यांत एकाची निवड करावी लागत नाही, हे तत्त्व एका नोंदवहीच्या रकान्याने सिद्ध केले. मराठीत डिजिटल मानव्यविद्येचा शब्दही कोणी उच्चारत नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे, आणि म्हणूनच प्रादेशिक परिषदेने आपला पूर्वेतिहास गाल्लारातेपासून सुरू करावा की जात्यापासून, हा प्रश्न वाटतो तितका अलंकारिक नाही.

मात्र नाव घेणे हेही प्रत्येक वेळी भले असतेच असे नाही. सासर, नवरा, भावजय यांच्याविषयी ओवीत जे बोलले जाते ते जात्याच्या घरघरीत बोलले जाते. गाव आणि नाव यांसह ते जगभर शोधता येणे ही निराळी परिस्थिती आहे. महानुभाव पंथाने तर आपल्या संहिताच सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेवल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे आदी संशोधकांच्या प्रयत्नांनी त्या उलगडल्या आणि मराठी गद्याचा आरंभ उजेडात आला. या लाभाचे मोल कोणी नाकारणार नाही. पण आज आवाहनपत्रात 'सर्व सामग्री मुक्तपणे उपलब्ध करावी' असे वाक्य सहजी घातले जाते, त्यामागे ज्ञान सर्वांचे आहे हा उदात्त विचार असतो आणि ज्यांनी ते सातशे वर्षे सांभाळले त्यांना विचारण्याची गरज नाही हा कमी उदात्त विचारही असतो. उघड करणे आणि झाकणे यांपैकी काय योग्य, याचे एकच उत्तर सर्व संहितांना लागू पडणार नाही. निर्णय कोणाचा, एवढे मात्र दर वेळी विचारता येते.

आता 'प्रादेशिक' या विशेषणाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय परिषदेतील निबंधवाचनाला १०, राष्ट्रीय परिषदेला ७.५, प्रादेशिक किंवा राज्यस्तरीय परिषदेला ५ आणि स्थानिक परिषदेला ३ गुण होते. २०१८च्या नियमावलीत आकडे बदलले, उतरंड राहिली. या कोष्टकात प्रदेश हे स्थळ नाही, पायरी आहे. परिणामी गावोगावच्या महाविद्यालयांत 'आंतरराष्ट्रीय' परिषदा भरू लागल्या आणि परदेशातून आलेल्या, किंवा पडद्यावरून दिसणाऱ्या, एखाद्या पाहुण्याच्या बळावर मराठी विभागही आपली पत्रिका इंग्रजीत छापू लागले. संयोजकांना केवळ दोष देऊन चालणार नाही. तरुण प्राध्यापकाची पदोन्नती त्या आकड्यांवर टांगलेली असते. पण ज्या परिषदेचा विषयच प्रादेशिक भाषेची सामग्री आहे तिने आपले प्रादेशिकत्व लपवावे लागणे ही विषयाशीच केलेली प्रतारणा होय.

भाषेचा प्रश्न या ज्ञानशाखेच्या जागतिक परिषदांतही सुटलेला नाही. तरी तेथे काही हालचाल झाली. २०१४ साली लोझान येथील परिषदेत काही सहभागी, आपण कोणत्या भाषेत शेजाऱ्याच्या कानात भाषांतर कुजबुजू शकतो, हे सांगणारे बिल्ले लावून बसले होते. २०१८ची परिषद मेक्सिको सिटीत भरली तेव्हा स्पॅनिशला इंग्रजीच्या जोडीने व्यासपीठ मिळाले. त्याच वर्षी इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत भारतातील डिजिटल मानव्यविद्येच्या अभ्यासकांची पहिली परिषद झाली. भारतीय भाषा त्या क्षेत्रात विषय म्हणून भरपूर येतात, चर्चेचे माध्यम म्हणून फार थोड्या. मराठीला याचे नवल वाटू नये. संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्या पंडिताला, आपल्या गुरूने आपल्याला मराठीत निरूपण केले, तेव्हा मराठीतच विचारा, असे नागदेवाचार्यांनी सुनावल्याची आठवण 'स्मृतिस्थळा'त आहे. त्या प्रसंगाचा अर्थ भाषाभिमान असा लावण्याची आपल्याला सवय आहे. तो याहून सूक्ष्म आहे. ज्या भाषेत ज्ञान हाती आले त्या भाषेत त्याची चर्चा झाली नाही, तर ते ज्यांच्याकडून आले ती माणसे चर्चेबाहेर पडतात, ही त्यातली व्यवहारी जाण आहे.

मोडीचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होते. पेशवे दप्तरासारख्या संग्रहांतील रुमालांत बांधलेले मोडी कागद हा महाराष्ट्रातील डिजिटल मानव्यविद्येचा कदाचित सर्वांत मोठा विषय. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. हस्ताक्षर ओळखणाऱ्या प्रणाली घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. अशा प्रणालीला शिकवायला आधी माणसाने वाचलेली हजारो पाने लागतात. ही पाने वाचणारे मोडीवाचक पुष्कळदा विद्यापीठात नसतात. कोणी निवृत्त कारकून, कोणी जमिनीचे जुने दाखले वाचून देणारे, कोणी छंद म्हणून शिकलेले. त्यांतल्या अनेकांना तीनशे शब्दांचा इंग्रजी निबंधसारांश लिहिता येणार नाही, लिहिण्याची इच्छाही नसेल. त्यांनी वाचलेल्या पानांवर उभारलेली प्रणाली परिषदेत सादर होते, सादरकर्त्याला प्रश्न विचारले जातात, आणि एखादे अक्षर 'भ' की 'म' असा पेच पडतो तेव्हा उत्तर देऊ शकणारा एकमेव माणूस सभागृहात नसतो. हा अन्याय तर आहेच, शिवाय ज्ञानाचे नुकसानही आहे.

निबंधांच्या परीक्षणात नावे झाकण्याची पद्धतही याच संदर्भात तपासायला हवी. तेथील निनावीपण दुर्बळाच्या संरक्षणासाठी असते: नाव दिसले नाही म्हणजे पद आणि संस्था दिसत नाही. मोठ्या क्षेत्रात ते काही अंशी साधते. मराठीसारख्या लहान विद्वद्विश्वात मोडीवर, महानुभाव हस्तलिखितांवर किंवा कोशांच्या संगणकीकरणावर काम करणारे इतके थोडे असतात की दुसऱ्या वाक्यालाच लेखक ओळखू येतो. मग झाकलेले राहते ते फक्त परीक्षकाचे नाव. अशा वेळी परीक्षकाने स्वाक्षरीनिशी मत देणे अधिक प्रामाणिक ठरेल; त्याला अधिक धैर्य लागेल, आणि कदाचित म्हणूनच ते सुचवले जात नाही.

साधने उपलब्ध नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८७ साली सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या पद्धतीत प्रत्येक संहितेच्या आरंभी एक शीर्षिका असते आणि तीत लिप्यंतर कोणी केले, मुद्रिते कोणी तपासली, चिन्हांकन कोणी केले याची जबाबदारीनिशी नोंद करण्याची सोय असते. परिषदेला आलेल्या प्रत्येक निबंधाकडून हीच नोंद मागता येईल, आणि ज्याला आपले नाव नको असेल त्याची तशी इच्छाही तीत लिहिता येईल. अडचण येते ती हिशेबात. अनुदानाच्या पत्रकात बीजभाषकाच्या मानधनाला रकाना असतो, सत्राध्यक्षाला असतो, स्मृतिचिन्हांनाही असतो. मोडीवाचकाचा एक दिवस बुडतो त्याची भरपाई कोणत्या रकान्यात टाकायची हे लेखापालाला ठाऊक नसते. संयोजक मग तिला 'किरकोळ खर्च' म्हणतो आणि पावतीवर सही घेतो. निमंत्रणपत्राचेही तेच. ते विद्यापीठाच्या छापील नमुन्यात, इंग्रजीत, 'आदरणीय प्राध्यापक' या संबोधनाने तयार असते, आणि जो प्राध्यापक नाही त्याला ते पाठवायचे तर पहिल्याच ओळीत काय लिहावे, येथपासून संयोजकाला विचार करावा लागतो.